मधली खुर्ची

साठ साली मैलापूरच्या आमच्या फुटबॉल क्लबात थोर कोचांच्या रांगेत तुळजाजी मास्तरांचा फोटो लावायचं ठरलं. सेक्रेटरी म्हणून मी वीस वर्षांचे टीमचे फोटो धुंडाळले. मास्तर एकाही फोटोत नाहीत! कोचच्या मधल्या खुर्चीत दर वर्षी वेगळाच पोरगा.

"हे काय, मास्तर?"

"वर्षभर प्रॅक्टिसला येऊन एकही मॅच मिळाली नाही, असा एक असतोच रे. त्याला बसवायचो. घरी दाखवायला काहीतरी नको?"

मी अठ्ठेचाळीसचा फोटो निवडला, खाली मास्तरांचं नाव घातलं आणि भिंतीवर लावला. त्यातल्या खुर्चीत मी आहे. इतकी वर्षं वाटायचं, बुटका म्हणून बसवलं. तो फोटो पाहूनच अम्मानं मला पुढच्या वर्षी पुन्हा मैदानावर जाऊ दिलं होतं.