शून्य ते चार

नीटच्या क्लाससाठी लातूरला राहणारी सुकन्या महिनाभर वर्गात गेलीच नव्हती. कळल्यावर तिचे अप्पा, व्यंकटराव, चाकूरहून आले आणि तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “भीतीनं, उदासीनं रोजचं काय काय अडतं, ते मोजू. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे कायम. जेवण?” “शून्य,” अप्पाच म्हणाले. “पोरगी लई खंबीर हाय.” सुकन्यानं मान वर केली. “अप्पा, मला विचारलंय.” मग तिनंच सांगितलं. जेवण तीन. झोप चार. आंघोळीलासुद्धा उठणं होत नाही, तेही चार. अप्पा म्हणाले, “किल्लारीच्या भूकंपानंतर मी वर्षभर छताखाली झोपलो न्हाई. तुझ्याएवढाच होतो. कुणी विचारलंच न्हाई.” त्यांनी खुर्ची लेकीकडे वळवली. “सगळं सांग, माय. मी ऐकायलोय.”