दोन इंच जास्त

“जीप दोन इंचांनी उचलून काय होतंय? करतोच आहोत, तर चार करू,” असं थोरला सकाळी म्हणाला होता, आणि धाकट्याने नेहमीप्रमाणे मान डोलावली होती. “दादा, त्यातलं तुला कळतं. तू म्हणशील तसं.”

आता दुपार कलायला आली होती. गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी घोड्यांवरून जीप खाली उतरली होती आणि थोरल्याच्या गॅरेजच्या दारात ऐटीत उभी होती. स्प्रिंगचे जुने, दमलेले पाटे भिंतीशी पडले होते. त्यांच्या जागी चांगले बाकदार नवे पाटे, लांब शॉकअब्जॉर्बर, आणि ताण पडू नये म्हणून ब्रेकची नळीसुद्धा लांब. थोरला आपल्या बुटक्या लाकडी स्टुलावर मागच्या चाकाशी बसून पाट्यांचे बोल्ट आवळत होता. हे बोल्ट गाडीचा भार पाट्यांवर आल्यावरच आवळायचे असतात. आधीच आवळले, तर आतलं रबर पिळवटतं आणि दोन-तीन महिन्यांत फाटतं. थोरल्याला ते माहीत होतं. धाकट्याला नव्हतं. तरीही थोरल्याने काम चोख केलं. पोटात कितीही दुखलं, तरी त्याच्या हातांना फसवाफसवी जमत नसे.

आणि पोटात दुखत होतंच. सुट्टीच्या दिवशी बाबांना तळ्यापर्यंत फिरवून आणायचं काम गेली सहा वर्षं त्याचं होतं. त्याची जुनी, जमिनीला टेकलेली मोटार. बाबा आधी पाठमोरे बसायचे, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचे, आणि तेवढा वेळ थोरला त्यांच्या डोक्यावर हात धरून उभा राहायचा, दाराची कड लागू नये म्हणून. मग धाकट्याने ही जीप घेतली. बाबा तळं विसरले. आता डोंगर! “वरून काय दिसतं रे! आपलं घर काडेपेटीएवढं!” असं ते रात्री जेवताना सांगायचे, आणि थोरला खाली मान घालून जेवायचा.

दोन इंचांनी डोंगरवाटेवरचे दगड चुकले असते. चार इंचांनी बाबा चुकणार होते. घरच्या जिन्यावर ते एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय पुढची पायरी घेत नाहीत, आणि पायरी ती केवढीशी! सकाळी टेप धरून थोरल्याने जीपच्या पायठेवणीची उंची मोजली होती, ती त्या पायरीशी ताडून पाहिली होती, आणि मगच ‘चार’ म्हणाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली होती. पण टेप गुंडाळून खिशात घालण्याइतपतच.

“झालं का रे?” बाबा कुंपणाच्या फाटकातून आत आले. टोपी, गळ्यात मफलर, पाण्याची बाटली. डोंगरावर जायचा सगळा जामानिमा.

“झालंच, बाबा!” धाकटा जीपभोवती लहान मुलासारखा फिरत होता. “बघा तरी! आहे की नाही राजेशाही?”

बाबा जवळ गेले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. त्यांना टेप लागत नसे. त्यांनी पायठेवणीखाली वीत लावली, मग तीच वीत आपल्या गुडघ्याशी आणून पाहिली.

“दोनाचं ठरलं होतं ना?”

“दादा म्हणाला, चारच बरं,” धाकटा म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा. बाबा, तुम्ही चढणार कसे?”

थोरला पाना फिरवत राहिला. बोल्ट केव्हाच आवळून झाला होता. “माझी गाडी आहे ना,” तो चाकाकडे बघत म्हणाला. “मी हात धुतो, की निघू. तळ्यावर जाऊ.”

बाबा जीपला वळसा घालून त्याच्यापाशी येऊन उभे राहिले. थोरल्याला मान वर करणं भाग पडलं. बाबा रागावलेले दिसले असते, तर त्याला बरं वाटलं असतं.

“ऊठ जरा,” ते म्हणाले.

तो उठला. बाबांनी वाकून स्टूल उचललं. गॅरेज सुरू केलं त्या वर्षी त्यांनीच ते करून दिलं होतं, थोरल्याला दिवसभर उकिडवं बसावं लागू नये म्हणून. त्याच्या पायांचं माप घेऊन. स्टुलाचा एक पाय त्यांनी हलवून पाहिला. घट्ट होता. मग ते जीपच्या पुढच्या दारापाशी गेले, स्टूल नीट टेकवलं, आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यावर चढले. स्टुलावर दोन्ही पाय. मग पायठेवणीवर एक, थोडं थांबून दुसरा. मग आत. थोरल्याचा हात सवयीने वर गेला, पण दाराची कड बाबांच्या डोक्यापासून चांगली लांब होती.

“ते स्टूल दे इकडे,” बाबा वरून म्हणाले. “पायाशी ठेवतो. उतरताना लागेल, पुढच्या वेळीही लागेल.”

धाकटा स्टूल हातात घेऊन घुटमळला. “अहो, पण दादा कशावर बसेल?”

बाबांनी थोरल्याकडे पाहिलं, मग समोरच्या काचेतून डोंगराकडे.

“बसेल खाली,” ते म्हणाले. “त्याचे गुडघे चांगले आहेत अजून.”