सत्तेचाळिसाव्या प्रश्नावरची हरकत

उत्तरतालिकेवर आलेल्या हरकती वाचून वाचून पेपर काढणाऱ्या सरांचं डोकं उठलं होतं. एकेका मार्कासाठी लोक हात धुऊन मागे लागतात. आता ही कोण बाई सत्तेचाळिसावा प्रश्न धरून बसली होती.

विधान साधं होतं: ‘लिफ्ट बंद आहे, जिन्याने जावे.’ यात ‘प्रत्येकाला जिना चढता येतो’ हे गृहीत धरलं आहे का? सरांच्या तालिकेत उत्तर होतं, नाही. बाईचं म्हणणं, धरलं आहे.

“असा कीस काढत बसलं तर पेपरच काढायला नको,” ते कारकुनासमोर करवादले. “टाका बाद. आणि एका मार्काने ही काय दिवे लावणार होती? बघा जरा, किती पडलेत.”

कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं. “पडलेच नाहीत, सर. पेपरला गैरहजर आहे.”

“मग हिला मार्क हवाय कशाला?” म्हणत त्यांनी अर्ज उलटवला. मागे दोनच ओळी होत्या.

‘मी व्हीलचेअर वापरते. परीक्षा तिसऱ्या मजल्यावर होती, आणि त्या दिवशी खाली लिफ्टवर हीच पाटी होती.’