मागचं दार

शिवणखात्यात आम्ही साठ बायका. माल चोरीला जातो म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप. सांगून सांगून जीभ झिजली आमची. तर साहेबांनी काय करावं? कुलूप काढायचं सोडून मनःशांती शिकवणाऱ्या बाई आणल्या!

"मनाला छळणारा एक विचार सांगा," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

मी ताडकन उठले. "आग लागली तर आम्ही इथेच होरपळून मरू."

"छान. आता स्वतःला पहिला प्रश्न विचारा, हे खरं आहे का? अगदी शंभर टक्के? भीती बरेचदा आपल्या मनातच असते, ताई."

"असेल बाई. तेवढं मागचं दार जरा ढकलून बघता का?"

बाई हसत गेल्या. एका हाताने ढकललं. मग दोन्ही हातांनी. मग खांदा लावला. बाहेर कुलूप नुसतं खडखडलं.

"चालू द्या, चालू द्या," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

बाई घाम पुसत परत आल्या. टेबलावरची पर्स उचलून त्यांनी खांद्याला अडकवली. दुसरा प्रश्नही त्यांनी आम्हाला तितक्याच गोड आवाजात विचारला, पण पुढच्या दारात उभं राहून.