आईची फिर्याद

"बाईला फक्त नवऱ्याच्या खुनाची फिर्याद करता येते, मुलाच्या नाही," गावात आलेला इंग्लंडच्या राजाचा फिरता न्यायाधीश म्हणाला. "राजाचा कायदाच आहे तसा."

गुनिल्डा भडकली. तिच्या मुलाला त्याच्याच मेहुण्याने, ओस्बर्टने, भर बाजारात कुऱ्हाडीने तोडलं होतं. "पोटात वाढवला मी, आणि त्याच्यासाठी बोलायचा हक्क मला नाही? हा कायदा करणाऱ्याला आई नव्हती का?"

शिपायांनी तिला मागे ढकललं. ओस्बर्ट हसला. त्याच्या दांडग्या भावकीला घाबरून गावातले पुरुष खाली माना घालून उभे होते. गुनिल्डाने गर्दीत सुनेला शोधलं. नवरा गेल्यापासून इवोटाने तोंड उघडलं नव्हतं.

"तू तरी बोल गं! की भावाला वाचवणार आहेस?"

इवोटा पुढे आली. "फिर्याद मी करते. मेला तो माझा नवरा. मारला या माझ्या भावाने, माझ्या डोळ्यांदेखत."

ओस्बर्टचं हसू मावळलं. "अगं, फासावर चढवतील मला! तुझ्या पाठचा भाऊ आहे मी!"

"तो हात जोडत होता, तेव्हा मीही तुला नात्याचीच आण घालत होते. थांबलास तू?"

शिपायांनी ओस्बर्टला बेड्या ठोकल्या. गुनिल्डाने धावत जाऊन इवोटाला छातीशी धरलं. पण न्यायाधीशावरची नजर तिने काढली नाही.

"पोरगा माझाही होता," ती म्हणाली. "तेवढं सांगा तुमच्या राजाला."