साडेचार मीटरच्या आत

"माणसांचे दोनच प्रकार. लेन्स धरून कॅमेरा उचलणारे आणि कॅमेरा धरून लेन्स उचलणारे. दुसऱ्या प्रकाराला मतदानाचा हक्क नसावा!"

संगोपने हे जाहीर केलं तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला होता आणि कानामागे जळू चिकटली होती. सहा किलोची लेन्स मात्र कोरडी होती. एक हात तिच्या खालच्या धातूच्या पायाला, दुसरा पोटाला. पट्टाही लेन्सलाच बांधलेला. कॅमेरा तिच्या शेपटीला नुसता लोंबत होता.

थाई भाषेत संगोप म्हणजे शांत. आईवडिलांनी नाव फार घाईने ठेवलं होतं.

पुढे चालणारा बुनलू वळला. त्याच्या हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात होता आणि खिशात फोन. बस्स.

"जळू डाव्या कानामागे आहे, अध्यक्ष."

"मी तुझ्याशी बोललो नाही."

"मग मतदानाचं काय त्या जळूला सांगत होतास?"

पक्षीमंडळाच्या या सहलीला नावं दोघांनीच दिली होती आणि बँकॉकहून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. संगोपने व्हॅनमध्ये दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं आणि एक लेन्सचं. कॅमेऱ्यापासून सोडवलेली, दोन्ही टोकांना झाकणं लावलेली लेन्स गादीच्या पिशवीत, खिडकीशेजारी, पट्टा लावून बसली होती. बुनलू सर्वांत शेवटी चढला. जागा तेवढी एकच दिसत होती. संगोपने त्याच्या नाकासमोर दुसरं तिकीट धरलं. बुनलूने तीन तास ड्रायव्हरशेजारी, बर्फाच्या उपड्या खोक्यावर काढले आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून विचारलं, "वहिनींना लागलं नाही ना?"

दोघं एकेकाळी जिवलग होते. अकरा वर्षांपूर्वी याच केंग क्राचानच्या जंगलात निळा नवरंग पक्षी समोर येऊन बसला. संगोप लेन्सचं तीन पायांचं तिकाटणं रोवत होता. "दे लवकर," तो कुजबुजला. बुनलूने घाईत ही लेन्स उचलली, ती कॅमेऱ्याला धरून. सहा किलो वजन दोघांना जोडणाऱ्या एका कड्यावर आलं. कट्‌ असा आवाज झाला. कडं वाकलं, नवरंग उडाला. त्या दिवसापासून संगोप बुनलूशी धड बोलला नाही, त्याचं नाव घेतलं नाही. बुनलूविषयी मात्र तो सतत, मोठ्याने आणि शक्यतो बुनलूच्या समोर बोलत असे.

पुढे तो पक्षीमंडळाचा अध्यक्ष झाला. मंडळाच्या भिंतीवर सगळे पक्षी त्याचे, फक्त निळ्या नवरंगाची चौकट रिकामी. बुनलूने पाठदुखीमुळे आपली लेन्स विकली तेव्हा संगोपने नवा नियम केला. फोनवर भाताचे फोटो काढतात, पक्ष्यांचे नाही. तसले फोटो भिंतीवर लागणार नाहीत.

आता पाठ संगोपचीही गेली होती. सोमवारी एक दंतवैद्य लेन्स विकत घेऊन जाणार होता. हातात आजचा एकच दिवस होता.

पक्षी बघायला जागा देणाऱ्या लमाईमावशींच्या पाणवठ्यावर आडोसाही एकच होता. हिरवी जाळी, पुढे हातभर उंचीची खिडकी, प्लास्टिकची दोन स्टुलं.

"मी याच्याबरोबर बसणार नाही," संगोप म्हणाला.

"मग बाहेर बसा, जळवांबरोबर," मावशी म्हणाल्या. "नवरंग रोज येतो. तो लेन्सला भीत नाही, तोंडाला भितो. मिटून बसा दोघंही."

बसले. संगोपने तिकाटण्यावर लेन्स चढवली, टोक खिडकीबाहेर काढलं. बुनलू मदतीला वाकला.

"हात लावशील तर याद राख!"

बुनलूने हात मागे घेतला, भाताची पुडी सोडली आणि आवाज न करता जेवला. अध्यक्षांना विचारलं नाही.

एक तास गेला. दुसरा गेला. दोघं इतके रागावले होते की खरोखरच गप्प होते.

मग समोर निळं काही हललं. संगोपने डोळा लावला. निळं धुकं. त्याने फोकसचं कडं फिरवलं. आणखी निळं धुकं. पुन्हा फिरवलं. घाम नाकावर आला. त्याने डोळा काढून वर पाहिलं.

निळा नवरंग लेन्सवर बसला होता. अगदी टोकावर, निळी शेपटी काचेसमोर, त्याच्या नाकापासून दोन वितींवर. छाती फुगवून, मान वाकडी करून तो अध्यक्षांकडे पाहत होता.

या लेन्सला साडेचार मीटरच्या आतलं काहीच दिसत नाही.

संगोप थिजला. बोट हललं तरी पक्षी जाणार. ओठ न हलवता त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"बुनलू."

"फोनवर भाताचे फोटो काढतात."

"बुनलू, काढ रे."

बुनलूने फोन काढला. एकदाच टिचकी मारली. नवरंगाने लेन्सवर शिटून आपलं मत नोंदवलं आणि तो उडाला.

मग बुनलूने फोन पुढे केला. पीस न पीस स्पष्ट. डोळ्यातला ठिपकासुद्धा. खाली लेन्स, लेन्सला नीट बांधलेला पट्टा. आणि मागे, पिसांइतकाच स्पष्ट, अध्यक्षांचा चेहरा. जबडा असा उघडा की आतल्या दोन पडलेल्या दातांची जागा मोजून घ्यावी.

संगोपने फोन दोन्ही हातांत घेतला, खालून आधार देऊन, लेन्स धरतात तसा.

"हा भिंतीवर लागेल," तो म्हणाला.

"आणि नियम?"

"नियमाचं मी बघतो." त्याने घसा खाकरला. स्टूल थोडं जवळ ओढलं. "तू फक्त एक बघ, बुनलू. यात माझं तोंड मिटता येतं का?"