नवख्यानं सुरुवात कुठून करावी

कुवाबारा साहेबांची मर्जी बसली तर नात्सुमेला क्योतोची बदली मिळणार होती. बायको आणि मुलगी तिथंच होत्या. साहेब तलवारी-राक्षसांच्या एका जुन्या, अकरा भागांच्या व्हिडिओ गेमचे वेडे. म्हणून नात्सुमेनं सहकारी ओगाताला विचारलं, "तू अकराही भाग खेळलायस ना? नवख्यानं सुरुवात कुठून करायची?"

"पहिल्यापासून, बाबा. एक जरी गाळलास तर साहेब पकडतील."

आठ महिने रविवारी घरी न जाता नात्सुमेनं अकराही भाग संपवले. वर्षअखेरच्या पार्टीत तो साहेबांकडे सरकला, तर ओगाता आधीच त्यांचा पेला भरत विचारत होता, "साहेब, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?"

साहेबांचा चेहरा उजळला.



एप्रिलमध्ये क्योतोला ओगाता गेला. रविवार गेले ते नात्सुमेच्या मुलीचे.